टपाल थांबवून ठेवा

खिडकी बोटभर उघडून शालनकाकूंनी बाहेर पाहिलं. पोस्टमनची सायकल फाटकाशी न थांबता सरळ पुढे गेली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

“महिनाभर माझं टपाल इथंच ठेवा हो, मी मुलाकडे विमानानं चाललेय!” असं त्यांनी अख्ख्या पोस्टाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. आणि आठवड्यातच त्या परत आल्या. मुलगा-सून प्रेमळ, पण त्यांच्या सोसायटीत मासळी शिजवायला सक्त मनाई! आता बोंबलांपायी लेकाचं घर सोडलं, हे गावाला कुठल्या तोंडानं सांगणार? त्यापेक्षा महिना संपेपर्यंत दार लावून बसलेलं बरं.

सायकल दिसेनाशी झाली तसे त्यांनी सुके बोंबील तव्यावर टाकले. ते खरपूस भाजून पहिला घास उचलला, तोच दारावर थाप पडली.

“काकू, वास पार नाक्यापर्यंत आला, म्हणून मागं फिरलो,” पोस्टमन बाहेरून म्हणाला. “टपाल आणून देऊ, की अजून मुलाकडेच आहात?”

काकूंनी घास ताटात ठेवला.

“मुलाकडेच आहे!” त्या आतून ओरडल्या. “पण भाकरी गरम आहे. मागच्या दारानं ये.”