मधलं नाव

मुलीने स्टिकरचा कागद हातात घेतला, नाव वाचलं आणि कागद परत टेबलावर ठेवला.

“हे माझं नाव नाही,” ती म्हणाली.

स्टिकरवाल्या बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. जेवणाच्या टेबलावर त्यांचं कापायचं मशीन मांडलेलं होतं. ते घरात आल्यापासून घरची मंडळी ताटं मांडीवर घेऊन जेवत होती आणि नवरा मशीनला ‘तुझी धाकटी जाऊ’ म्हणत होता. कागदावर बारा स्टिकर होते. व्हिनाइलची पांढरी पट्टी, तिच्यावर निळी अक्षरं. मुलीचं नाव, मधे वडिलांचं, मग आडनाव, खाली तिसरी ब. काना-मात्रा सगळं जागच्या जागी.

“का गं? काय चुकलं?”

मुलीने मधल्या शब्दावर बोट ठेवलं. “हे काकांचं नाव आहे.”

बाईंनी तिच्याबरोबर आलेल्या माणसाकडे पाहिलं. ऑर्डर त्यानेच फोनवर पाठवली होती. तीत मुलीचं नाव आणि आडनाव, एवढंच होतं. लोक मधलं नाव लिहायला विसरतात, मग वर्गात त्याच नावाच्या दोघी निघाल्या की स्टिकर बदलून मागतात, हे बाईंना पाठ झालं होतं. म्हणून फोनवर त्याचं जे नाव दिसत होतं, ते त्यांनी मधे टाकून दिलं होतं. न विचारता. उद्या शाळा उघडणार होती आणि अजून चार घरांची कामं पडून होती.

“मला वाटलं, तुम्ही...” बाई म्हणाल्या.

“चूक माझी आहे,” माणूस म्हणाला. “पूर्ण लिहायला हवं होतं मी. दोनदा लिहिलं आणि खोडलं.” बोलता बोलता त्याने टेबलावरचा कागद पालथा करून ठेवला.

मुलीला वाटलं असावं, की बाईंना काही कळलेलं नाही. वर्गात नव्याने आलेल्या मुलीला बाक दाखवावा, तसं तिने सांगितलं, “आईचं काकांशी लग्न झालंय. बाबा गेले, तेव्हा मी पहिलीत होते.”

बाईंना स्वतःच्या शहाणपणाचा राग आला. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी पाणी विचारलं. दोघांनीही नको म्हटलं.

“थोडं थांबता का? लगेच दुसरे काढून देते.”

दोघं सोफ्यावर बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. बाईंनी लॅपटॉप पुढे ओढला.

“सांग बाळा, बाबांचं नाव.”

मुलीने सांगितलं. बाईंनी ते टाइप केलं. मग अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींना जोडून घेतल्या, नाहीतर मशीन एकेक अक्षर सुटं कापतं. त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

“बघ. बरोबर आहे?”

मुलीने वाचलं. “हो.”

“नाही,” माणूस म्हणाला. तो कधी उठून टेबलापाशी आला, ते बाईंना कळलं नव्हतं. “दुसऱ्या अक्षराला वेलांटी दुसरी पाहिजे.”

“बहुतेक जण पहिलीच देतात.”

“ते दुसरी द्यायचे. सगळ्या कागदपत्रांवर तशीच आहे. शाळेचा फॉर्म परवा मीच भरलाय.”

मुलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. बाईंनी वेलांटी बदलली.

मशीन सुरू झालं. बारीक पातं निळ्या व्हिनाइलवरून पुढे-मागे फिरत राहिलं. कापून झाल्यावर बाईंनी जास्तीचं निळं व्हिनाइल हलक्या हाताने सोलून काढलं आणि अक्षरांच्या पोटातले तुकडे सुईसारख्या टोकदार आकड्याने टिपायला घेतले. मुलीचं नाव भराभर झालं, आडनावही झालं. मधल्या शब्दातली वेलांटी मात्र टोकाला इतकी बारीक होती, की आकड्याबरोबर तीच उचकटून आली. बाईंनी तो शब्द परत कापला. परत उचकटली.

“असू दे, चालेल तसंच,” मुलगी म्हणाली.

“चालेल कसं?” माणूस म्हणाला. मग बाईंना, “तुम्ही सावकाश करा. आम्हाला घाई नाही.”

बाईंनी वेलांटी किंचित जाड केली. तिसऱ्या खेपेला ती टिकली. त्या एका शब्दाला बाकीच्या सगळ्या नावापेक्षा जास्त वेळ गेला.

मुलीने पिशवीतून नवी बाटली काढली. पहिला स्टिकर तिला इथेच लावून बघायचा होता. बाईंनी मागचा कागद कसा सोलायचा, ते दाखवलं. “मधून कडेकडे दाबत जा. पाणी शिरतं ते कडेतूनच.”

मुलीने जीभ दातांत धरून स्टिकर लावला. जरासा तिरका बसला. तिने बाटली खिडकीकडे नेली आणि उजेडात फिरवून बघितली.

“काका, बुडबुडा राहिला.”

“कुठे?”

“बाबांच्या नावात.”

माणसाने सोफ्यावर बसून बाटली दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली. अंगठ्याचं नख मधल्या शब्दावर टेकवलं आणि हवा हळूहळू कडेपर्यंत ढकलत नेली. मुलगी त्याच्या खांद्याला टेकून वाकून बघत होती.

“गेला,” ती म्हणाली.

त्याने अंगठा लगेच उचलला नाही.