दोन कंस कमी

कल्पना करा मुलांनो, तुमचे बाबा दुकानांना आपोआप उतरणारी शटरं बसवतात आणि त्यांचा प्रोग्राम तुम्ही लिहिता. छकुलीने आपल्या बाबांसाठी तसाच लिहिला होता. खाली कोणी नसेल, तर घंटा वाजव आणि शटर उतरव. या दोन्ही आज्ञा तिने महिरपी कंसात ठेवल्या होत्या.

"काढ ते कंस, नुसती गर्दी," बाबा म्हणाले. तिने काढले. ओळी अटीखाली नीट आत सरकवलेल्या होत्या, वाचायला सुटसुटीत. रिकाम्या दारात घंटा वाजली, शटर उतरलं. दोघंही खूश.

आज बाबा कौतुकाने उंबऱ्यावर आडवे झाले. "दाब बटण. माणूस दिसला की हे जागचं हलायचं नाही."

घंटा वाजली नाही. बाबा हसले. आणि शटर उतरू लागलं.

छकुलीने मेन स्विच पाडला, तेव्हा लोखंडी पट्टी त्यांच्या छातीपासून वीतभर वर होती. मग तिने पडद्यावरच्या ओळी पुन्हा वाचल्या. कंस नसले, की यंत्र अट फक्त पहिल्या आज्ञेला लावतं. खाली माणूस असला, तर घंटा गप्प राहते. शटर मात्र उतरतंच.

"जाऊ दे, वाचलो ना," बाबा कपडे झटकत म्हणाले. "आपल्याच दारात कळलं, बरं झालं."

"बाबा, काल पाळणाघराला बसवलंत ते?"

"त्यातही हाच प्रोग्राम आहे," बाबा म्हणाले. छकुलीने फोन लावला, पण कोणी उचलेना. चपला न घालताच तिने सायकल काढली.