पोपटांची खुर्ची

धाकट्या जावेच्या घरात पाऊल टाकताच थोरलीनं नाक मुरडलं. खिडकीपाशी भंगारवाल्याकडून आणलेली आरामखुर्ची होती. तिला पिवळाधमक रंग दिलेला, हातांवर हिरवे पोपट काढलेले आणि वर चिंध्या जोडून शिवलेली गुबगुबीत गादी.

“हे काय सोंग?” थोरली म्हणाली. “लोकांनी टाकलेलं उचलून आणायचं, त्याला रंग फासायचा आणि वर मिरवायचं! शी!”

धाकटी कसनुसं हसली. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्यांच्या बोटांना अजून हिरवा रंग होता.

“तिला खोडच आहे गं ती,” खुर्चीत ऐसपैस बसत त्या म्हणाल्या. “गेल्या महिन्यात तू मला बॅगेसकट जिन्यात बसवलंस ना, तेव्हा मलाही तिनंच उचलून आणलं.”