गळका नळ

प्लंबरचा हात सगळ्यात आधी वर गेला. त्यालाच घराबाहेर काढायचं की नाही, यावर मतदान चाललं होतं.

"करा की वर," तो बाकीच्यांवर खेकसला. "हात काय गहाण टाकलेत?"

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सहाजण बसले होते. सगळे दारू सोडलेले, किंवा सोडत असलेले. या घराला ना वॉर्डन, ना डॉक्टर. भाडं, झाडू, भांडी, भांडणं, सगळं यांचं हेच बघायचे. नियम मात्र एक पक्का: जो प्याला, त्याने बाहेर पडायचं, आणि दवाखान्यात जाऊन सावरल्यावरच परत दार ठोठावायचं. हा नियम प्लंबरनेच भांडून करून घेतला होता. आणि काल संध्याकाळी तोच पिऊन आला होता. घोटभर नव्हे, पोटभर. सकाळी उठून त्याने स्वतःच सगळ्यांना गोळा केलं.

मास्तर चष्मा पुसत राहिले. "एकदा सोडून देऊ या. इतका भला माणूस..."

"भल्याबिल्याचं नंतर बघा, मास्तर," प्लंबरने त्यांना तोडलं.

मग बेकरीवाला बोलला. घरात सगळ्यात नवा तो, आणि झोपायचा प्लंबरच्याच खोलीत.

"काल याच्या तोंडाला वास येत होता. मला रात्रभर झोप नाही." त्याने मान खाली घातली. "राग नाही आला. हेवा वाटला."

एकेक करत हात वर गेले. शेवटचा बेकरीवाल्याचा. तो रडत होता.

प्लंबरची ताई त्याला दवाखान्यात न्यायला बाहेर येऊन थांबली होती. पिशवी खांद्याला लावून तो निघाला आणि बाथरूमपाशी अडला. तिथला नळ कधीचा ठिबकत होता. प्लंबरच्याच घरचा नळ तो, गळायचाच. उद्या करतो, उद्या करतो म्हणत राहूनच गेलं होतं.

त्याने पाना काढला. "वायसर बदलून जातो. दोन मिनिटांचं काम."

"पाना पिशवीत टाक," मास्तर म्हणाले. "ताई खोळंबल्यात."

तो गेला. दार लागल्यावर त्यांच्यातला इलेक्ट्रिशियन उठला. "वायसर काय, मीही बदलतो."

"त्या नळाला हात लावायचा नाही," बेकरीवाला म्हणाला. एरवी तो कुणापुढे तोंड उघडत नसे. "त्याचं काम आहे, तो येऊन करेल. घ्या मतदान."

या वेळी सगळे हात एकदम वर गेले. मग मास्तरांनी नळाखाली घरातली सगळ्यात मोठी बादली ठेवली.