पार्काजवळची खोली

ऑरलँडोच्या त्या स्वस्त हॉटेलात लोरीनने गादी उचलली, तशी झुरळं सैरावैरा पळाली. टबात कुणाचे तरी केस चिकटले होते. उशीला आंबट घाण वास येत होता.

“उगाच तक्रार नको. दोन दिवस काढू कसेतरी,” तिचा नवरा वेंडेल म्हणाला.

ती तरातरा खाली काउंटरवर गेली. तोही मागोमाग आला.

“बाई, आम्ही फक्त किल्ल्या सांभाळतो,” काउंटरवरची यादिरा म्हणाली. “इथे प्रत्येक खोलीचा मालक वेगळा. तुमच्या खोलीच्या मालकांना कितीदा सांगितलं, गादी बदला. ते म्हणतात, येणाऱ्यांना कसले चोचले.”

“कोण हा नतद्रष्ट? उभा कर त्याला माझ्यासमोर.”

यादिराने गोंधळून तिच्या मागे पाहिलं. “तुमच्याबरोबरच आलेत की.”