मावशीची चाचणी

तंत्रज्ञानावरच्या त्या पॉडकास्टचा एकही नवा श्रोता सातव्या मिनिटापुढे टिकत नव्हता.

निवेदक चक्रावला. जाणकार खूश होते, आणि नवख्यांसाठी तर तो प्रत्येक भाग आधी मावशीला ऐकवत असे. तिला कळला म्हणजे शेंबड्या पोरालाही कळणार, हा त्याचा शास्त्रीय निकष. गळती अशीच राहिली तर महिनाअखेरीस कार्यक्रम बंद होणार होता.

"मावशी, खरं सांग, या भागातलं काही डोक्यावरून गेलं का?"

"छे रे राजा! उलट सर्व्हर म्हणजे काय, याचं केवढं गुऱ्हाळ लावलंस! आम्हा जाणकारांना जांभया येतात."

 

दोनशे भाग ऐकलेल्या मावशीची नोंद त्याच्या वहीत अजूनही 'नवखी' अशीच होती.