आधी कॉपी काढायची असते

"अरे, दुरुस्तीची कमांड देण्याआधी कॉपी काढून ठेवावी, एवढंही कळू नये?" दुकानदार हेमांगीने कीबोर्ड आपटला.

श्रीरंग मान खाली घालून उभा होता. वडिलांच्या कानामागची स्मृतीची चिप बिघडली, तर या दीडशहाण्याने घरीच कमांड टाइप केल्या होत्या. 'ही फाइल खराब आहे, पुसू का?' असं चिपने पुन्हापुन्हा विचारलं, तेव्हा कंटाळून त्याने सगळ्यांनाच एकदम 'हो' म्हणून टाकलं.

"आता ब्रह्मदेव आला तरी काही परत मिळायचं नाही!" ती कडाडली.

खुर्चीतल्या वडिलांना राहवेना. "अहो बाई, या परक्या गृहस्थांवर कशाला ओरडता? माझा श्रीरंग येईलच एवढ्यात. त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं."